सरांनी वगळलेली चाचणी

टेस्ट चालवली की सर दोन्ही हात कीबोर्डवरून उचलायचे आणि काखेत घालून बसायचे, थंडी वाजत असल्यासारखे. स्क्रीनवर ओळी पळत असायच्या. सर आमच्याकडे न बघता म्हणायचे, "आता आपण काई नाई करायचं. आता त्याले बोलू दे."

'त्याले' म्हणजे प्रोग्रामला. सरांच्या लेखी प्रोग्राम हा घरातला अबोल माणूस होता. आपणच मधे मधे बोलत राहिलो तर खरं काय झालंय ते तो कधी सांगणार नाही, असं त्यांचं मत होतं. सरांसारखी माणसं तुम्हीही पाहिली असतील. एरवी मोठ्यानं बोलतात, पण आपल्या कामाचा विषय निघाला की त्यांचा आवाज आपोआप खाली येतो.

बुलढाणा जिल्ह्यातल्या चिखलीत एका टायरच्या दुकानावर दोन खोल्यांत आमची कंपनी होती. कंपनी म्हणजे मालक, सर, मी आणि आणखी तिघं. खाली पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर सुरू झाला की वर टेबलावरचा चहा थरथरायचा. नवा माणूस दचकला की सर सांगायचे, "घाबरू नोको. बिल्डिंग पास हाये. म्या रोज टेस्ट करतो."

मी उंद्रीची. इंजिनिअरिंग झाल्यावर वर्गातली बहुतेक मुलं पुण्याला गेली. आईचं आजारपण होतं म्हणून मी इकडेच राहिले. कामाच्या पहिल्या दिवशी बाबा सोबत आले होते. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. जिना चढून आल्यावर त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "जय भीम, सर." नव्या ठिकाणी बाबा हे मुद्दाम करतात. समोरचा काय उत्तर देतो ते बघतात. कुणी नुसती मान हलवतं, कुणी 'नमस्कार' म्हणून विषय बदलतं. सर खुर्चीतून उठून उभे राहिले.

"जय भीम, गुरुजी. बसा. पोरीची काळजी करू नोका. माह्याजवळ हाये ते."

संध्याकाळी बाबा आईला म्हणाले, "माणूस सरळ आहे." पहिल्या भेटीत बाबा सहसा कुणाबद्दल असं बोलत नाहीत.

सर मूळचे वडनेर भोलजीचे. मधली काही वर्षं पुण्यात नोकरी करून आलेले. तिकडे एका मीटिंगमध्ये ते 'काम करून राह्यलो' म्हणाले आणि सगळी खोली हसली, असं त्यांनी आम्हाला एकदा सांगितलं होतं. सांगताना स्वतःही हसले होते. तेव्हापासून त्यांच्या दोन भाषा झाल्या. आमच्याशी वऱ्हाडी, आणि बाहेरचं माणूस आलं की एकदम पुस्तकातली. फोनवर 'आपण कळवलंत, बरं झालं' असं बोलून ठेवायचे आणि आमच्याकडे वळून म्हणायचे, "काऊन बे, चहा नाई सांगितला का अजून?" डब्यात कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकर आणि ठेचा असायचा. अर्धी भाकर न विचारता माझ्या झाकणात पडायची. "खाय. पुण्यात हे भेटत नाई."

आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे देऊळगाव राजाच्या बाजूची एक बियाणं कंपनी. त्या भागात शेडनेटमध्ये, म्हणजे हिरव्या जाळीच्या मांडवात, फुलांचं हातानं परागीकरण, म्हणजे क्रॉसिंग, करून मिरची-टोमॅटोचं बियाणं घेतात. शेतकऱ्यानं बी आणून दिलं की त्यातला नमुना प्रयोगशाळेत जातो. तिथं ते पेरून बघतात. नीट उगवलं तर पास. नाही उगवलं तर त्या शेतकऱ्याचं सगळं बी नष्ट करतात. कुणाचं बी कुठलं आणि कुणाचा निकाल काय, हे सांभाळणारं सॉफ्टवेअर आमचं होतं. ते फार पूर्वी सरांनी एकट्यानं लिहिलेलं. कंपनी उभी राहिली ती त्याच्याच जोरावर.

एक दिवस त्या बियाणं कंपनीच्या मॅनेजरनं मालकांना विचारलं, तुमचं सॉफ्टवेअर बरोबर चालतं हे तुम्ही तपासता कसं? तोवर सर स्वतः बसून हातानं तपासायचे. मग ठरलं की आपणही युनिट टेस्टिंग सुरू करायचं. म्हणजे प्रोग्रामच्या प्रत्येक लहान तुकड्याला एकेक प्रश्न विचारायचा. उत्तर बरोबर आलं तर हिरवं, चुकलं तर लाल. असे प्रश्न लिहायला आणि चालवायला तयार साधनं असतात, त्यांना फ्रेमवर्क म्हणतात. बाजारात ती ढिगानं आहेत. त्यातली तीन आम्ही निवडली आणि त्यांची तुलना करायचं काम सरांनी मला दिलं. कंपनीत मी सगळ्यात नवी होते. तिघांना डावलून मला दिलं, याचा मला किती अभिमान वाटला ते सांगत नाही.

तिन्ही फ्रेमवर्कची इंग्रजी नावं सरांनी पहिल्याच दिवशी बदलून टाकली. एक म्हातारा, एक घाईचा, एक बोलका. मी आधी नुसता वेग मोजत बसले होते. कोण किती लवकर चाचण्या संपवतं, शिकायला किती सोपं, आमच्या जुन्या कॉम्प्युटरवर चालतं का. सरांनी माझा तक्ता बघितला आणि बाजूला ठेवला.

"पास झाल्यावर सगळेच गोड बोलतात," ते म्हणाले. "फेल झाल्यावर कोण नीट सांगते, ते पाह्य."

म्हणून मी मुद्दाम गोष्टी मोडायला लागले. चाचणी फेल झाली की म्हातारा पानभर ओळी ओकायचा आणि मुद्दा त्यात कुठं तरी बुडालेला असायचा. घाईचा नुसतं 'चूक' म्हणून पुढं पळायचा. बोलका मात्र सांगायचा, या ओळीवर मला हे अपेक्षित होतं आणि मला हे मिळालं. सर खुश झाले. "ह्याच्यासंग संसार होऊ शकते," म्हणाले. त्या आठवड्यात ऑफिसात येणाऱ्या प्रत्येकाला, अगदी चहावाल्यालाही, त्यांनी बोलका चालवून दाखवला.

बियाणं कंपनीला डेमो दाखवायचा दिवस ठरला. शेवटी तुलना पक्की करायला मी खोटे आकडे सोडून आमच्या खऱ्या सॉफ्टवेअरवर चाचण्या लिहिल्या. त्यातली एक मला आमच्या गावामुळे सुचली. उंद्रीत बाबांच्या नावाचे आणखी एक गृहस्थ आहेत. त्यांच्याकडच्या लग्नाची आमंत्रणं आमच्या घरी येतात आणि आमची त्यांच्याकडे जातात. बियाणं कंपनीच्या शेतकऱ्यांत बीबी गावच्या दोन सुमनबाई मला दिसल्या होत्या. चुलत जावा. आडनाव एकच. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये नवऱ्याचं नाव लिहायला जागाच नव्हती. मी चाचणीत विचारलं, या दोघींनी एकाच दिवशी बी आणलं, तर तू किती बाया मोजशील?

तिन्ही फ्रेमवर्कमध्ये लाल. बोलक्यानं स्वच्छ सांगितलं, दोन अपेक्षित होत्या, एक मिळाली. म्हणजे आमचं सॉफ्टवेअर दोघींना एकच समजत होतं. एकीच्या बियाण्याचा निकाल दुसरीच्या नावावर चढू शकत होता.

मी आनंदानं सरांना हाक मारली. आनंदानंच, कारण लाल दिसलं म्हणजे चूक सापडली, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. सर आले, वाकून वाचलं, मग खुर्ची ओढून बसले.

"तुलना फ्रेमवर्कची करून राह्यलो आपण," ते म्हणाले. "माह्या कोडची नाई."

ते हसले, म्हणून मीही हसले.

"पण सर, यादीत खरंच दोघी आहेत."

"हाव ना. करतो मी दुरुस्त. पण ते लय ठिकाणी जाऊन भिडते. आज हात लावला तं डेमो होत नाई. डेमो होऊ दे, मंग पहिलं काम तेच."

त्यांनी माझा कीबोर्ड स्वतःकडे ओढला आणि त्या चाचणीच्या डोक्यावर एक शब्द टाइप केला. तो शब्द असला की फ्रेमवर्क ती चाचणी ओलांडून पुढं जातं. पुन्हा चालवलं. खालची पट्टी हिरवी झाली.

"मालकाले मी सांगतो. तू टेन्शन घेऊ नोको, माह्यावर सोड."

मी सोडलं. का नाही सोडणार? शिकवणारा माणूस शब्द देत होता.

डेमोला बियाणं कंपनीचा मॅनेजर आला. भिंतीवर हिरव्या ओळी सरकत होत्या. सर त्यांच्या पुस्तकी मराठीत बोलत होते आणि छान बोलत होते. शेवटी ते माझ्याकडे वळले. "ह्या सगळ्याचं श्रेय आमच्या ह्या ताईंना आहे. तुलना त्यांनी केली, निवड त्यांची, चाचण्याही त्यांच्याच." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. घरी सांगितलं तर बाबांनी पेढे आणले आणि शेजारी वाटले.

त्यानंतर मी सरांना आठवण करून दिली. "लक्षात हाये व," ते म्हणाले. पुन्हा करून दिली, तेव्हा दुसऱ्या गिऱ्हाईकाचं काम निघालं होतं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा ते म्हणाले, "आई कशी हाये आता?" आणि मी आईचं सांगत बसले.

हंगाम आला. शेडनेटमधलं बी निघालं, नमुने गेले, निकाल आले. एका सकाळी मालकांनी मला आणि सरांना केबिनमध्ये बोलावलं. आत तो मॅनेजर होता आणि खुर्चीच्या कडेला, डोक्यावर पदर घेऊन एक बाई बसल्या होत्या. बीबीच्या दोघींपैकी एक सुमनबाई. व्हायचं ते झालं होतं. दोघींनी एकाच दिवशी बी आणलं होतं. चांगल्या बियाण्याचा निकाल खराब बियाण्याला लागला आणि खराबाचा चांगल्याला. समोर बसलेल्या सुमनबाईंचं चांगलं बी नष्ट केलं गेलं होतं. दुसरीचं बी पाकिटात भरण्याआधी पुन्हा पेरून बघितलं, ते उगवलं नाही, तेव्हा घोटाळा लक्षात आला.

"एकेक फूल मी हातानं क्रॉसिंग केलंय," सुमनबाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "गावात म्हणायलेत, हिनं बाजारचं बी मिसळलं म्हणून नापास झालं. माझ्या नेटमधी कामाला यायला बाया नाही म्हणायल्यात."

मॅनेजर मालकांना म्हणाला, "तुमच्याकडे चाचण्या होत्या ना? आम्हाला भिंतीवर दाखवल्या होत्या."

मालकांनी सरांकडे बघितलं. मी पण बघितलं. मला खरंच वाटत होतं की आता सर बोलतील.

सर बोलले. "टेस्टिंगची पूर्ण जबाबदारी ह्यांच्याकडे होती," ते म्हणाले. "ते मी तेव्हाच सर्वांसमोर सांगितलं होतं. नवीन आहेत. त्यांच्याकडून हा मुद्दा सुटला असावा."

सर मला पोरी म्हणायचे, रागावले की नुसतं 'पाह्य' म्हणायचे. अहो-जाहो फक्त त्या डेमोच्या दिवशी केलं होतं, आणि घरी आम्ही पेढे वाटून मोकळे झालो होतो. त्या केबिनमध्ये मला कळलं की ती भाषा ते परक्यांसाठी ठेवतात.

"सर," मी म्हटलं, "तुम्ही सांगता का मी सांगू?"

त्यांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं पुसायला घेतला. खाली कॉम्प्रेसर सुरू झाला, बंद झाला. ते चष्मा पुसतच होते.

मग मी सांगितलं. या दोघींचीच चाचणी मी लिहिली होती, ती लाल आली होती, सरांनी माझ्यासमोर ती वगळली आणि दुरुस्त करतो म्हणाले, एवढंच. सांगताना दोन्ही हात मी मांडीखाली घेतले होते. मॅनेजरनं सरांना विचारलं, "खरं आहे का हे?"

"एवढ्या कामात कुठली चाचणी कधी काढली, ते आता आठवत नाही," सर म्हणाले.

नाही म्हणाले असते तर मला भांडता आलं असतं.

सुमनबाई माझ्याकडे वळल्या. "बाई, मला तुमचं हे काही कळत नाही. माझं बी चांगलं होतं का नव्हतं, तेवढं सांगा."

"चांगलं होतं, मावशी."

"मग गावात येऊन सांगा तेवढं."

मालकांनी ठरवलं, सरांनी आणि मी बीबीला जायचं आणि चूक आमची होती हे चार लोकांत सांगायचं. त्या सकाळी गाडी सरांच्या दारात थांबली. काकू, म्हणजे सरांच्या बायको, बाहेर आल्या. "ते तं सकायीच वडनेरले गेले," त्या म्हणाल्या. "तुले नाई सांगितलं?" माझ्या चेहऱ्याकडे बघून त्या आत गेल्या आणि पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. मी पाणी प्यायले. काकूंच्या डोळ्यांकडे मला बघवलं नाही.

बीबीला मी एकटीनं सांगितलं. शाळेजवळच्या कडुलिंबाखाली बाया जमल्या होत्या, मागं काही पुरुष. सुमनबाईंनी मिसळलं नाही, त्यांचं बी चांगलं होतं, चूक आमच्या कॉम्प्युटरची होती. कॉम्प्युटर म्हटलं, कारण तिथं सरांचं नाव घ्यावं असं मला वाटलं नाही. दुसऱ्या सुमनबाईही आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मला तर पास झालं तवाच नवल वाटलं होतं. यंदा पाणी कमी पडलं मला." यावर एक-दोघी हसल्या, आणि मग पहिल्या सुमनबाईही हसल्या. चहा देताना त्यांनी विचारलं, "तुमचे साहेब नाही आले?"

"नाही."

"बरं," त्या म्हणाल्या.

सॉफ्टवेअर मी दुरुस्त केलं. खरोखरच ते बऱ्याच ठिकाणी भिडत होतं, सर त्याबाबत खोटं बोलले नव्हते. मी तो शब्द काढला, चाचणी लाल केली, आणि काम करत करत हिरवी केली. तेवढे दिवस सर पलीकडच्या टेबलावर कानाला हेडफोन लावून बसायचे. आम्ही कामापुरतं बोलायचो. एका दुपारी मी हात धुऊन आले तर माझ्या झाकणात अर्धी भाकर होती. सर त्यांच्या जागेवर पाठ करून जेवत होते. मला ती खाववली नाही आणि फेकवलीही नाही. संध्याकाळी बसस्टँडजवळ एका गाईला घातली.

मग एका सोमवारी त्यांचं टेबल रिकामं होतं. पुण्याला परत गेले, मालक म्हणाले. रविवारी येऊन सामान घेऊन गेले होते. इतर तिघांना त्यांनी फोन केला होता.

मी घरी सांगितलं. "मग त्या पहिल्या दिवशी उठून उभे राहिले होते, ते काय होतं?" बाबांनी विचारलं.

"तेही खरं होतं, बाबा."

बाबांना ते पटलं नाही. मलाही ते रोज पटतं असं नाही. तुम्ही म्हणाल, माणूस घाबरला असेल. आपल्या हातचं सगळ्यात जुनं काम सगळ्यांसमोर फेल होताना बघणं सोपं नसतं, आणि पुण्यात हसलेली ती खोली त्यांच्या मनातून गेली नसेल. हे सगळं मीही स्वतःला सांगून बघितलंय. पण मला राग घाबरण्याचा नाही. मी गप्प बसेन असा त्यांनी हिशेब केला होता, त्याचा आहे. मला इतकं जवळून ओळखणाऱ्या माणसानं ती ओळख या कामासाठी वापरली.

मागच्या हिवाळ्यात नागपूरला जायला मी मलकापूरच्या स्टेशनवर उभी होते. दुपारची वेळ. जिन्यावरून सर उतरले; वडनेर तिथून जवळच. दाढी पांढरी झाली होती. मला बघून थबकले, मग सरळ माझ्याकडेच आले.

"काऊन व, इकडं कुठं?"

"नागपूरला, सर. कामासाठी."

"बरं हाये. आई कशी हाये?"

"आई गेली, सर."

ते बाकावर बसले. "मले कोणी सांगितलं नाई."

"नाही," मी म्हटलं.

गाडी येईपर्यंत आम्ही तसेच बसलो होतो. मधे एकदा ते माझ्याकडे वळले, घसा साफ केला, आणि पलीकडच्या चहावाल्याला हाक मारली. चहा घेतला. गाडी आली तेव्हा माझी बॅग त्यांनीच उचलली. मी नको म्हणत होते तरी डब्यात चढून ती सीटखाली नीट सरकवली, खिडकी वर-खाली करून बघितली. मग उतरले. मला वाटलं, आता खिडकीशी येऊन 'चुकलं' म्हणतील. एवढी वर्षं मला ते वाटत होतं, हे मला त्या क्षणी समजलं.

"पोहचली का फोन करजो," दारातून एवढंच ऐकू आलं.

गाडी हलली. प्लॅटफॉर्मचं छत संपतं तिथं सर उन्हात उभे होते, डोळ्यांवर हात धरून. मी हात हलवला. ते माझ्या मागच्या डब्याच्या खिडक्यांत एकेक करून मला शोधत होते.